पाच झाल्या, बाजू बदला

पाच! आवो, पाच म्हंजे काय आकडा हाय का? हाताला बोटं पाच हायेत म्हनून मोजायचं पन पाचच? पोरीनं टोला हानला, चार रना झाल्या, आख्ख्या मैदानानं डोळ्यांनी बघितल्या... आन फळ्यावर लिवली किती? एक! बाकीच्या तीन कुटं गेल्या? कुनी खाल्ल्या? इचारायचं न्हाई! का, तर नियम! एका डावात पाच रना झाल्या की पुढं मोजायचंच न्हाई म्हनं. पंचानं हात वर करायचा आन वरडायचं, "पाच झाल्या, बाजू बदला!" बसा, बसा तुमी, उठू नगा. पारनेरची येष्टी काय आत्ता येत न्हाई, आन आली तरी मी सांगितल्याबिगर तुमाला चढू द्यायची न्हाई.

क्रिकेट न्हवं वो, सॉफ्टबॉल! मलाबी आदी वाटलं, मऊ चेंडू आसंल, पोरगी खेळतीया तर खेळंना का. एकदा बांधाला हुभी ऱ्हाऊन बघत हुते तर आला सन्नाट आन बसला नडगीवर... आगं आई गं! आठ दिस लंगडत हुते. कसला मऊ, धोंडा हाय निस्ता! तर चार कोपऱ्याचा चौक आखत्यात, एकीनं चेंडू टाकायचा, दुसरीनं बॅटीनं हानायचा, आन चारी कोपरं पळून माघारी घरला आलं की झाली एक रन. चौकात तीन पोरी थांबलेल्या आसल्या आन चौथीनं चेंडू पार मैदानाच्या भाईर घातला, तर चारीबी घरला येत्यात. चार रना! ह्ये माज्यासारख्या शेतातल्या बाईला समजलं, पन कमिटीला समजना.

आमची आशी, म्हंजे अश्विनी, लेक माझी. शाळंतल्या बाईंनी हातात बॅट दिली तवा पोरगी कुनाशी धड बोलायची न्हाई. आन बोलनार कशाला? आमच्यात पोरीच्या जातीला शाब्बास म्हनायची रीत हाय का? भाकरी टम्म फुगली तर म्हनायचं, "मीठ कमी हाय." धुनं पांढरंफेक निगालं तर म्हनायचं, "साबन किती घातला?" पन पयल्यांदा तिनं त्यो चेंडू बांधापल्याड घातला ना... बाप्ये मानसं उटून टाळ्या वाजवाया लागली! माज्या पोरीसाटी! आशीनं तसली टाळी कदी ऐकली न्हवती, आन खरं सांगते, मीबी न्हवती. त्या दिशी पोरगी घरापस्तोर बोलत आली, बोलत आली, मलाच म्हनावं लागलं, आगं दम खा जरा.

आता मूळ कुटंय ऐका. हितं सुप्याला दरसाल जानेवारीत पोरींची टुर्नामेंट आसती, पंधराच्या आतल्या. चार-पाच गावांनी मिळून कमिटी केलीया. आमच्या गावाकडनं कमिटीत कोन? आमचं ह्ये! माझं मालक. आन कमिटीचा अध्यक्ष कोन? माझा सख्खा भाऊ, कानिफ! म्हंजे बगा, घरची कमिटी, माहेरचा अध्यक्ष, आन आन्याव कुनावर? माज्याच पोरीवर! हसू नगा. तर दोन सालामागं आमच्या पोरींची गाठ पडली श्रीरामपूरच्या पोरींशी. त्यांच्याकडनं चेंडू टाकाया स्नेहल. स्नेहल कोन? माझ्या नंदेची! रतनवन्सं श्रीरामपुरात दिल्यात ना, त्यांची. झालं! हिकडनं चेंडू टाकती आत्तेबहीन, तिकडनं टोला हानती मामेबहीन. आन आशीला बॅट हातात आली की आत्याबी दिसत न्हाई आन मामाबी. तिनं हानला, बाकीच्या पोरींनी हानला, एकोनतीस शून्य! आवो, शेवटी फळ्यावर लिवनाराच्या हातातला खडू सपला.

स्नेहल रडली. मलाबी वाईट वाटलं, न्हाई आसं न्हाई, भाचीच हाय. जवळ घेतली, डब्यातला लाडू दिला. पन वन्सं! वन्संचं त्वांड ह्ये आसं! म्हनल्या, "वयनी, पोरीला वळन लावा जरा. पाव्हन्याच्या लेकरावर कुनी आसं तुटून पडतं व्हय?" मी म्हनलं, "वन्सं, खेळ हाय त्यो, हळदीकुकू न्हवं." तर पदर झटाकला आन गेल्या. मला वाटलं, गेला राग. कसला जातोय!

मंग आलं गेलं साल. पुन्यांदा टुर्नामेंट, फायनलला पुन्यांदा श्रीरामपूर. खेळ सुरू व्हायच्या आदी अवधूत सर आलं मदी. ह्ये पंच. मानूस सज्जन, पांढरी टोपी, आवाज आसा की रागावलं तरी वाटावं आरती म्हनत्यात. म्हनलं, "यंदापासून एका डावात जास्तीत जास्त पाच धावा. पाच झाल्या की बाजू बदलायची." मी म्हनलं, "का वो सर?" तर म्हनत्यात, "ताई, लहान मुलींचं मन दुखावू नये, म्हणून समितीने हा निर्णय घेतला आहे." आता मन कुनाचं? ज्या हरत्यात त्यांचं! आन ज्या मारत्यात त्यांला काय मन न्हाई? त्यांच्या छातीत काय सोयाबीन भरलंय?

झाला सुरू खेळ. पयल्याच डावात आमच्या पोरींनी फटाफट पाच केल्या, आन तिन्ही कोपऱ्यावर पोरी हुभ्या, घरला यायला टपलेल्या, आन बॅट घिऊन आशी निगालेली... तर अवधूत सरांचा हात वर! "पाच झाल्या, बाजू बदला!" आवो, तिन्ही पोरी तशाच माघारी! आता तुमी सांगा, आपल्याकडं पंगतीत पाचवा लाडू घेतला म्हनून वाढप्यानं कुनाचं पान वढून घेतलंय का कदी? उलट, "आवो, आनखी एक, माझ्या गळ्याची आन हाय" म्हनून गळी उतरावत्यात! आन हितं मारनाऱ्याचाच हात धरायचा! बरं, एकदा पोरींचा हात थांबला की थांबला. त्याच्या फुडच्या डावांत काय टोलाच लागंना. तिकडं श्रीरामपूरवाल्या सावकाश, दोन ह्या डावात, तीन त्या डावात, करत करत गेल्या की धापस्तोर!

शेवटचा डाव. त्यांच्या धा, आमच्या पाच. जितायला किती पायजेत? सा! आन नियम किती देतोय? पाच! आता बोला! म्हंजे पोरींनी जीव काढून खेळलं, आभाळाला भोक पाडलं, तरी जितायचंच न्हाई, लई तर बराबरी! बाजूला एक मास्तर हुभं हुतं, त्यांला म्हनलं, आवो ह्ये तर बांधून मारनं झालं. त्ये म्हनत्यात, "हिशेब बरोबर आहे तुमचा." हिशेब बराबर आसून काय करू? चाटू?

पन पोरी खेळल्या बरं का! एक आली, दोन आल्या, चार रना झाल्या, नऊ झाल्या आमच्या, आन पुन्यांदा तिन्ही कोपऱ्यावर पोरी, आन बॅटीवर आशी. चेंडू टाकतीया स्नेहल. सगळं मैदान उटून हुभं. वढ्याकाठच्या चहाच्या गाडीवाल्यानंबी इस्टो बंद केला. आन आशीनं आसा हानला, आसा हानला... चेंडू गेला बांधावरनं, गेला रस्त्यावरनं, पल्याडच्या कांद्यात! चारी पोरी नाचत घरला आल्या. आमच्या तेरा! जितलो! मी तर शेजारच्या बाईला मिठीच मारली, ती श्रीरामपूरची हुती त्ये मागनं कळलं. आन फळ्याकडं बघते तर... धा! आवो, धा! अवधूत सरांचा हात वर! "पाच झाल्या, बाजू बदला!" पयली पोरगी घरला आली ती पाचवी रन झाली म्हनं. तिच्या मागं आलेल्या तिघी? त्या काय पाव्हन्या म्हनून आल्त्या का? आन आशी, जिनं चेंडू मारला, ती सोता चौक पळून आली, तिचीच रन तिला न्हाई!

मी घुसले मैदानात. चप्पल तिकडंच ऱ्हायली. म्हनलं, "सर, डोळं हायेत ना तुमाला?" त्ये हात जोडून म्हनत्यात, "ताई, चेंडू उत्तमच मारला. पण नियम म्हणजे नियम." म्हनलं, "आन आता बराबरी झाली, आता काय?" तर अंधार पडाया लागला म्हनून टॉस! आवो, मळनीच्या बैलावानी पोरी सा डाव पळून घामाघूम झाल्या, आन निकाल लागनार नान्यावर! आन नानं कुनाचं? आमच्या ह्यांच्या खिशातलं! ह्ये आपलं पुढं झालं, मोठ्या मानानं नानं काढून दिलं. आशी म्हनली काटा, पडला छापा. चषक गेला श्रीरामपूरला. लगीन झाल्यापास्नं आमच्या ह्यांनी कदी माझ्या मनासारखं दान टाकलं न्हाई, त्या दिशी तरी टाकावं!

आशी रडली न्हाई. रडली आस्ती तर बरं हुतं. घरी आली, बॅट गोठ्यात न्हेली आन पेंडीच्या पोत्यामागं सारली. मी म्हनलं, "आगं, फुडल्या सालाला..." तर माझ्याकडं बघून म्हनली, "आई, मोजत न्हाईत, तर मारू कशाला?" आता सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? तुमाला सुचतंय? न्हाई ना? शाळंतल्या बाई दोनदा घरी आल्या बोलवाया, पोरगी शेळ्यांला पाला टाकायचं निमित्त करून परसात. पुन्यांदा तीच गप पोरगी. सांगितलं तेवढं काम करायची, इचारलं तेवढं बोलायची. त्या गप बसन्यानं माझं डोकं फिरलं.

मंग मी अवधूत सरांला गाठलं, भर बाजारात, मेथीच्या जुड्या हातात. म्हनलं, "सर, खरं सांगा, ह्यो नियम काढला कुनी? त्याच्या घरापुढं जाऊन बसते." तर मानूस घुटमळला, टोपी काढली, परत घातली. म्हनला, "ताई... ठराव तुमच्या यजमानांनीच मांडला." हातातली मेथी खाली!

घरी आले. ह्ये जेवाया बसल्यालं. म्हनलं, "पाचचा ठराव कुनी मांडला?" ठसका लागला बगा. पानी पेलं, मंग म्हनत्यात, "आगं, त्याचं काय झालं... भाऊबीजंला रतननं ताट धरलं हुतं हातात. म्हनली, दादा, साडी नगं, काय नगं, माझ्या पोरीची पुन्यांदा तशी आब्रू जाऊ देऊ नगंस. ओवाळनीला न्हाई म्हनू? बहिनीला?" आता तुमी म्हनाल, पुष्पाबाई, तुमी काय करत हुत्या तवा? आवो, भाऊबीज! मी माझ्या माहेरी भावाला ओवाळत हुते, आन ती तिच्या माहेरी, म्हंजे माझ्याच घरात, माझ्याच निरांजनानं, माझ्याच पाटावर बसवून माझ्या पोरीच्या रना कापून घेत हुती! म्हनलं, "बहिनीला न्हाई म्हनवंना, आन लेकीला?" ह्ये मान खाली घालून भाकरी कुस्करत बसलं. मी घास मोजत हुते. पाचवा तोंडात गेला आन उचललं ताट. म्हनलं, "पाच झाले, बाजू बदला!" त्ये म्हनत्यात, "आगं, अजून भूक हाय!" म्हनलं, "आसंल. मोजायची न्हाई."

भावाला फोन लावला. म्हनलं, "कान्या, तू अध्यक्ष ना रं? तुला कळंना?" तर म्हनतोय, "ताई, दाजींनी ठराव मांडला. सोयऱ्याच्या ठरावाला इरोध करू? उद्या तुलाच तिथं नांदायचंय." आता ह्याला काय म्हनावं? ह्यांनी केलं त्ये बहिनीसाटी, त्यानं केलं तेबी बहिनीसाटी! सगळ्यांनी आपापल्या बहिनी जपल्या, आन मधल्या मदी माझ्या पोरीच्या तीन रना मेल्या! बरं, कमिटीतली बाकीची मानसं? त्यांला म्हनं च्या आला हुता, म्हनून मंजूर.

मंग मीबी इचार केला. भाऊबीज काय एकट्या वन्संलाच हाय का? मला भाऊ न्हाई का? आन माझा तर अध्यक्ष! म्हनलं, येऊ द्या दिवाळी. गेले माहेरी. कानिफला बसवला पाटावर, टोपी घातली डोक्यावर, कुकू लावलं, ताट धरलं, आन ओवाळायची थांबले. म्हनला, "ओवाळ की! कांद्याचं रोप लावाया बाया खोळंबल्यात रानात." म्हनलं, "आदी बोल. साडी नगं, काय नगं, त्यो पाचचा नियम काढून टाक." म्हनतोय, "ताई, आगं दाजी काय म्हनत्याल?" म्हनलं, "दाजी माझं, ताट माझं. हात दुखला तरी हलायची न्हाई." पाटावरनं ओवाळल्याबिगर उटायचं न्हाई, ही रीत! रानातनं बायांच्या हाका याया लागल्या. तवा म्हनला, "काढला! काढला बाई! ओवाळ!" तवा ओवाळला.

आशीला येऊन सांगितलं. शेळ्यांला पाला टाकत ऱ्हायली. पन सांजच्याला गोठ्यात गेले धार काढाया, तर पेंडीच्या पोत्यामागची बॅट न्हाई. परसातनं आवाज, टक्... टक्... भिताडावर चेंडू मारतीया. धार काढताना रडू आलं मला, म्हशीनं मागं वळून बघितलं.

आता परवाच्या ऐतवारची गोष्ट सांगते आन सोडते तुमाला. टुर्नामेंट, फायनल, कोन? श्रीरामपूर! दुसरं हाय कोन? अवधूत सरांनी जाहीर केलं, "यंदा धावांना मर्यादा नाही." मी मान ताठ करून बसले, वन्संच्या शेजारीच मुद्दाम जागा धरली. आन स्नेहल आली बॅट घिऊन... आवो, ही स्नेहल? सालाभरात पोरगी खांबाएवढी झालेली! वन्सं हळूच म्हनत्यात, "त्या टायमाला रडली ना, तवापास्नं रोज पाटं उटून सराव करती." आन चेंडू टाकाया कोन? यंदा आमची आशी!

स्नेहलनं हानला. दुसरीनं हानला. तिसरीनं हानला. एक, दोन, चार, पाच... थांबंनात! सा, सात, आट! माझी पोरगी घामानं न्हालेली, घसा कोरडा पडलेला, तरी चेंडू टाकतीया, त्या हानत्यात, ही टाकतीया, त्या हानत्यात... आन मला काय झालं कुनास ठावं, मी उटले आन आख्ख्या मैदानात वरडले, "पाच झाल्या की! बाजू बदला!"

सगळं मैदान वळून बघाया लागलं. आमचं ह्ये तर सरळ चहाच्या गाडीमागं. अवधूत सर आलं जवळ, हात जोडलं, म्हनलं, "ताई, नियम म्हणजे नियम. आणि आता तो नियमच नाही. तुम्हीच..." आन तिकडनं आशी, हातात चेंडू तसाच धरून, माझ्यावर वरडली, "आई, गप! मोजू दे त्यांच्या! मंग आपल्याबी मोजत्याल!" बसले खाली. काय करता?

त्यांच्या झाल्या सतरा. आमच्या पोरींनीबी सोडलं न्हाई, हानल्या, पळाल्या, पडल्या, गुडगं फोडून घेतलं... चौदा. हरलो! तीन कमी पडल्या. तीनच! आन गेल्या सालच्या माझ्या किती बुडवल्या हुत्या? तीन! म्हनलं, "सर, त्या हितं लावा, बराबर हुतंय!" त्ये म्हनत्यात, "ताई, मागच्या सामन्याचं या सामन्यात धरता येत नाही." आन आशी पळत आली, त्वांड धुळीनं भरलेलं, आन हासतीया! म्हनली, "आई, चौदा! चौदाच्या चौदा लिवल्या फळ्यावर!" आन मंग घरापस्तोर बोलत आली, बोलत आली. हारून! स्नेहलच्या गळ्यात गळा घालून! ह्या पोरींचं मला काय कळत न्हाई.

पन माझं डोकं तापलेलंच. तिकडं चषक वाटत हुतं, तवा मी वन्संकडं जरा सरकले. आवाज बारीक केला. म्हनलं, "वन्सं, तसा त्यो नियम... लईच वाईट न्हवता बरं का. पाच म्हंजे जरा कमीच हुतं, पन धा, बारा..."

वन्संनी मैदानावरची नजर हालवली न्हाई. भाजल्याल्या शेंगांची पुडी तेवढी माझ्याकडं सरकावली आन म्हनल्या,

"शेंगा खावा वयनी. भाऊबीज लांब हाय अजून."